ह्यात काही घडतच नाही: व्हिज्युअल नॉव्हेलच्या हलक्याफुलक्या स्पिन-ऑफवरून खेळणारे एवढे का भांडतात

एखाद्या गाजलेल्या व्हिज्युअल नॉव्हेलचा मजेमजेचा स्पिन-ऑफ, म्हणजे तीच पात्रं घेऊन काढलेला जोड-गेम, आला की त्याचे रिव्ह्यू वाचायला मला खेळण्याइतकीच मजा येते, कारण त्यात एक तक्रार हमखास दोनदा सापडते. अंगठा खाली केलेला माणूस लिहितो, ह्यात काही घडतच नाही. थोडं खाली गेलं की अंगठा वर केलेला माणूस पण तेच लिहितो, काही घडत नाही, सगळे नुसते बसून खातात, एकमेकांची खेचतात, लय भारी वाटलं. बोलणं तेच आणि निकाल एकदम उलटा. आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये, म्हणजे रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला जमणारी आम्ही चार-पाच डोकी, ह्या एका गोष्टीवरून इतका वाद झालाय की रस्सा गार होऊन त्यावर तेलाची साय धरते तरी कोणी मागे हटत नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट मांडूच, ज्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पण आणि ज्यांच्या कार्टमध्ये असा एखादा गेम पडून आहे त्यांच्यासाठी पण.

आधी व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे काय ते पटकन, कारण आमच्यातल्याच एकाच्या आईने विचारलं होतं की हा पोरगा तासन् तास बसून नुसतं एंटर का दाबतो. तर ही एक गोष्ट असते जी तुम्ही स्क्रीनवर वाचता. मागे एखाद्या खोलीचं किंवा रस्त्याचं चित्र, पुढे उभी असलेली पात्रं ज्यांचे चेहरे बोलताना बदलतात, खाली मजकुराची चौकट, सोबत म्युझिक आणि बहुतेक वेळा आवाज. मधे मधे दोन-तीन पर्याय येतात, तुम्ही जो निवडाल त्यावरून गोष्ट वेगळ्या वाटेला लागते, त्या वाटेला रूट म्हणतात आणि प्रत्येक रूटचा शेवट वेगळा असू शकतो. जपानमध्ये चुनसॉफ्ट नावाच्या कंपनीने १९९२ साली निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम ह्या गेम कन्सोलवर ओतोगिरिसो नावाचा गेम काढला तिथून हा प्रकार रुळला, आणि १९९४ ला त्यांचाच कामाइताची नो योरु आला, बर्फात अडकलेलं एक लॉज आणि त्यात खून. आता गंमत अशी की त्या खुनाच्या गेममध्येच, खरा गुन्हेगार सापडल्यावर, तीच पात्रं घेऊन केलेले गमतीचे फाटे उघडायचे, त्यात एक तर चक्क हेरगिरीचा. म्हणजे गंभीर गोष्ट संपली की त्याच माणसांना घेऊन टवाळी करायची ही सवय ह्या धंद्याला पाळण्यातच लागलेली आहे, आजकालच्या पोरांचा चावटपणा नाही हा.

दुसरी गोष्ट म्हणजे लांबी. मोठी व्हिज्युअल नॉव्हेल तीस-चाळीस तास सहज खाते, काही त्याहून जास्त. पिक्चर तीन तासात संपतो, इथे तुम्ही महिना-दीड महिना रोज रात्री जेवण झाल्यावर त्याच पाच-सहा माणसांबरोबर बसलेले असता, कोण कशावर चिडतं, कोण चहात किती साखर घेतं इतपत माहिती झालेलं असतं. मग एक दिवस गोष्ट संपते आणि रात्री नऊ वाजता काय करायचं हेच कळत नाही. हा जो रिकामेपणा येतो ना, त्याच्यावरच सगळा स्पिन-ऑफचा बाजार उभा आहे.

जपानी लोक अशा गेमला फॅनडिस्क म्हणतात. मूळ गेम ज्याने पुरा केलाय त्याच्यासाठी काढलेली पुरवणी समजा. टाइप-मून हा तेव्हा हौशी लोकांचा गट होता, त्यांनी २००० च्या डिसेंबरमध्ये त्सुकिहिमे काढली आणि पुढच्याच वर्षी, २००१ ला, तीच पात्रं घेऊन कागेत्सु तोया. हिगुराशी लिहिणाऱ्या र्‍युकिशी०७ ने २००२ ते २००६ चार वर्षं तुकड्या-तुकड्याने ती भयानक खेड्याची गोष्ट सांगितली आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये हिगुराशी रेई काढली, त्यात एक भाग चांगलाच गंभीर आणि बाकीची निव्वळ मस्ती. काढणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर हिशोब सरळ आहे. पात्रांची चित्रं तयार आहेत, मागची खोली-गल्ली तयार आहे, म्युझिक तयार आहे, आवाज देणारे लोक ठरलेले आहेत. नवीन लागतं ते मुख्य म्हणजे लिखाण, थोडी नवीन चित्रं आणि रेकॉर्डिंग. आणि विकत कोण घेणार ते पण आधीच माहीत असतं. म्हणूनच नावं ठेवणारे पहिलं वाक्य हेच काढतात की शिळ्या कढीला ऊत आणलाय, तेच बॅकग्राउंड, तेच गाणं, पैसे मात्र नवीन. तक्रार अगदीच खोटी नाही, पण मला ती थोडी कोती वाटते. तुमच्या आवडत्या सिरियलमध्ये दर भागाला नवीन घर बांधतात का?

आता ॲन्थॉलॉजी. म्हणजे एकच सलग गोष्ट नाही तर सुट्या सुट्या लहान गोष्टींचा गठ्ठा, आणि बऱ्याचदा प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेखकाने लिहिलेली. इथून खरी भांडणं सुरू होतात, आणि ती समजायला सगळ्यात सोपं उदाहरण स्टाइन्स गेटचं आहे, आमच्या ग्रुपमध्ये पण त्यावरूनच पेटलं होतं. (ज्यांना मूळ खेळायचंय त्यांनी पुढचे पाच-सहा परिच्छेद सोडा, मी शेवट सांगत नाहीये पण वातावरण तर फुटणारच.)

स्टाइन्स गेट २००९ च्या ऑक्टोबरमध्ये एक्सबॉक्स ३६० वर आला, ५पीबी आणि नायट्रोप्लस ह्या दोन कंपन्यांचा मिळून. गोष्ट २०१० च्या उन्हाळ्यातली, टोकियोच्या अकिहाबारा भागातली. ओकाबे नावाचा एक कॉलेजचा पोरगा जुन्या डबा टीव्हीच्या दुकानाच्या वर खोली भाड्याने घेऊन तिला लॅबोरेटरी म्हणतो, स्वतःला वेडा शास्त्रज्ञ म्हणवून घेतो आणि बंद फोन कानाला लावून गुप्त संघटनेशी बोलायचं नाटक करतो. त्यांच्याकडे मोबाइल जोडलेला एक मायक्रोवेव्ह आहे, त्यात केळं ठेवलं की त्याचं हिरवं जेल होतं, आणि होता होता कळतं की ह्या यंत्रातून भूतकाळात मेसेज पाठवता येतो, फक्त ३६ बाइटचा, म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवरचं एक नाव पण नीट मावणार नाही. सुरुवातीचे कितीतरी तास नुसत्या गप्पा, मग एका रात्री सगळं उलटतं आणि पुढे जे चालू होतं त्यात माणूस अक्षरशः पिळून निघतो. मायुरी ह्या लहानपणीच्या मैत्रिणीला वाचवायला ओकाबे परत परत मागे जातो आणि परत परत हरतो. आमचा सिडकोतला एक मित्र रात्रपाळी करून आल्यावर सकाळी हे खेळायचा, त्याने एकदा ग्रुपवर नुसतं लिहिलं, आज झोप नाही येणार. (लॅबमधल्या एका जाड्या मित्राचं नाव दारू आहे, त्यावरून वाइन सिटीत राहून जे जे विनोद होऊ शकतात ते सगळे आमचे करून झालेत.)

तर एवढ्या पिळवणुकीनंतर २०११ च्या जूनमध्ये माय डार्लिंग्ज एम्ब्रेस नावाचा स्पिन-ऑफ आला. तीच लॅब, तीच माणसं, पण मरण नाही, कट नाही, जगाचा शेवट नाही, ओकाबेचं कुणाबरोबर जुळतं एवढाच प्रश्न. आणि हा आला कधी, तर मूळ गोष्टीवरची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची मालिका, टीव्हीवर चालू असताना, ती एप्रिल ते सप्टेंबर २०११ चालली. म्हणजे एकीकडे टीव्हीवर नवीन लोकांना तीच रडवणारी गोष्ट पहिल्यांदा दिसतेय आणि दुसरीकडे जुने लोक त्याच मायुरीबरोबर फिरायला जातायत. दोन वर्षांनी, २०१३ च्या एप्रिलमध्ये, लिनिअर बाउंडेड फेनोग्राम. ही खरी ॲन्थॉलॉजी. मूळ गेम पूर्ण ओकाबेच्या डोक्यातून सांगितलाय, इथे प्रत्येक गोष्ट लॅबच्या किंवा आसपासच्या वेगळ्या माणसाच्या नजरेतून, लेखक वेगवेगळे. सगळ्याच गोष्टी हलक्याफुलक्या नाहीत, काही चांगल्याच झोंबतात, पण मोकळीक सगळीकडे आहे. ही मोकळीक आली कुठून, तर मूळ गोष्टीतच वर्ल्ड लाइन म्हणून कल्पना आहे, भूतकाळात काही बदललं की जग दुसऱ्या रेषेवर जातं आणि तिथे सगळं थोडं वेगळं घडलेलं असतं. म्हणजे लेखकाला आयतीच पळवाट, हे दुसऱ्या रेषेवर घडलं म्हणा आणि लिहा काय लिहायचं ते. मूळ गोष्टीला धक्का नाही.

आणि नेमकं हेच अर्ध्या लोकांना खुपतं. खरी धरायची गोष्ट कुठली, ज्याला कॅनन म्हणतात, हा खेळणाऱ्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ज्याने मूळ गेम कोडं म्हणून खेळलाय, प्रत्येक धागा कुठे जुळतो ते वहीत लिहून ठेवलंय, त्याला वाटतं की जी गोष्ट मूळच्या हिशोबात धरायचीच नाही ती मी वाचू कशाला. आमच्यातला एक तसा आहे, मेरीला, म्हणजे नाशिकच्या सरकारी इंजिनियरिंग संशोधन संस्थेत आहे नोकरीला, पक्का इंजिनियर गडी, त्याचं म्हणणं, परिणाम नसलेली गोष्ट म्हणजे गप्पा, आणि गप्पा मारायला तुम्ही आहात की फुकट. ह्याच्या उलट माझी इंदिरानगरची मावसबहीण, तिला टाइम ट्रॅव्हलचं सूत्र अजून नीट कळलेलं नाही आणि कळून घ्यायचं पण नाही, तिला लॅबमधली हुशार शास्त्रज्ञ पोरगी कुरिसु आणि ओकाबे भांडतात ते ऐकायचंय. तिच्यासाठी मूळ गेमचा शेवट हा एक अडथळा होता ज्याच्यामुळे ह्या लोकांचं बोलणं थांबलं.

मला ह्यात कालिदास कलामंदिराबाहेरचं चित्र दिसतं. आत तीन अंक रडवणारं नाटक झालंय, शेवटी म्हातारा मेलाय, आणि तुम्ही गाडी काढायला बाहेर येता तर तोच म्हातारा अर्धा मेकअप पुसून टपरीवर कटिंग घेऊन हसत उभा. काही लोकांना हे बघून बरं वाटतं, बाबा जिवंत आहे, धडधाकट आहे, जाऊन सेल्फी काढतात. काही लोक मान फिरवून निघून जातात, कारण त्यांना घरी जाईपर्यंत तो मेलेलाच हवा असतो. दोघांनी नाटकावर सारखंच प्रेम केलंय. हलक्याफुलक्या स्पिन-ऑफचे रिव्ह्यू म्हणजे ह्या दोन प्रकारच्या प्रेक्षकांनी एकाच कागदावर दिलेले मार्क आहेत, आणि म्हणून ते वाचताना गेम कसा आहे ह्याच्या आधी हा लिहिणारा कोण आहे ते बघायला लागतं.

पण दोन्हीकडचे लोक ज्या एका मुद्द्यावर एकत्र येऊन शिव्या घालतात तो वेगळाच आहे, तो म्हणजे पात्र पात्रासारखं न वागणं. ओकाबेचं ते वेडं हसणं आणि होओइन क्योमा हे त्याने स्वतःला दिलेलं नाव घ्या. पहिल्यांदा बघताना ते नुसतं हास्यास्पद वाटतं. मग कळतं की लहानपणी आजी गेल्यानंतर मायुरी गप्प झाली होती, तिला धरून ठेवायला ह्या पोराने ते सोंग आणलं होतं, आणि त्यानंतर ते हसणं ऐकलं की वेगळंच वाटतं. आता एखाद्या हलक्या गोष्टीत लेखकाने दर पाच मिनिटांनी त्याला तसं हसवलं आणि मागचं काहीच ठेवलं नाही, तर उरतो फक्त ओरडणारा पोरगा. विनोदी गोष्टीत हा धोका जास्त असतो कारण विनोदाला एक पक्की खोड लागते, लगेच ओळखू येणारी, मग हळूहळू माणूस झिजून खोडच उरते. जो खादाड तो फक्त खातो, जी रागीट ती फक्त ओरडते. वेगवेगळे लेखक असले की अजून घोटाळा, कारण बाहेरून आलेल्या माणसाच्या हाताला पहिली लागते ती खोडच. एका गोष्टीत कुरिसु अगदी तिच्यासारखी टोमणा मारते, पुढच्या गोष्टीत तीच कुणीतरी तिची मिमिक्री करतंय असं वाटतं, आणि वाचणारा तीस-चाळीस तास तिच्याबरोबर राहिलेला असल्यामुळे त्याला ते दुसऱ्याच ओळीला कळतं. त्याला फसवणं अवघड आहे भो.

पण चांगला लेखक मिळाला की उलटं पण होतं. ज्या माणसाला मूळ गोष्टीत आपण फक्त ओकाबेच्या नजरेने बघितलं, तो आतून काय विचार करत होता हे दिसलं की मूळ गोष्टच थोडी मोठी होते. फेनोग्रामबद्दल चांगलं बोलणारे बहुतेक हेच बोलतात, आणि ह्यात मी त्यांच्या बाजूने आहे. खाली टीव्हीचं दुकान चालवणारा तो धिप्पाड घरमालक, मिस्टर ब्राऊन, सतत भाडं वाढवायची धमकी देणारा, त्याच्या बाजूने तीच बिल्डिंग बघणं ह्याला मी शिळी कढी म्हणणार नाही.

माझ्या मते हा पेच सगळ्यात हुशारीने सोडवला तो टाइप-मूननेच, फेट हॉलो अटॅरॅक्सियामध्ये. मूळ फेट स्टे नाइट २००४ च्या जानेवारीतली, सात जादूगार, सात योद्धे आणि मरेपर्यंत लढाई. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये हॉलो अटॅरॅक्सिया आली, त्यात सगळे जिवंत, सगळे एकाच गावात, कुणी मासे पकडतंय, कुणी बाजाराला चाललंय, हानाफुदा म्हणजे जपानी पत्त्यांचा डाव पण आहे. नुसती जत्रा. पण गोष्ट चारच दिवसांची आहे आणि ते चार दिवस परत परत येतात, आणि काही वेळाने वाचणाऱ्याच्या मनात येतं की थांब, हे सगळे जिवंत कसे? जे मेले होते ते इथे मासे कसे पकडतायत? म्हणजे जो हलकेफुलकेपणा बाकीच्या फॅनडिस्कमध्ये गृहीत धरलेला असतो तोच इथे कोडं आहे. मेरीवाला पण खूश, मावसबहीण पण खूश. असं दरवेळी जमत नाही, त्याला मूळ लेखक लागतो आणि त्याच्याकडे सांगायला अजून काहीतरी शिल्लक लागतं.

आता ते टक्क्यांचं प्रकरण, कारण आपण घेताना बघतो ते तेच. स्टीम हे पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, तिथे रिव्ह्यू म्हणजे फक्त अंगठा, वर किंवा खाली, मधलं काही नाही. ७० ते ७९ टक्के वर असतील तर मोस्टली पॉझिटिव्ह लिहून येतं, ४० ते ६९ असतील तर मिक्स्ड. आता ॲन्थॉलॉजीत समजा दहा गोष्टी आहेत, त्यातल्या तीन डोळ्यात पाणी आणणाऱ्या, चार ठीकठाक, तीन अगदी फालतू. अंगठा कुठे करणार? एक जण त्या तीन चांगल्यांसाठी वर करतो, दुसरा त्या तीन फालतूंसाठी खाली करतो, आणि दोघांनी तोच गेम तसाच खेळलाय. मिक्स्ड वाचून आपल्याला वाटतं की गेम मध्यम आहे, पण ॲन्थॉलॉजीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की गेममध्ये खूप चांगलं आणि खूप वाईट शेजारी शेजारी आहे, आणि तुम्हाला त्यातलं कुठलं लागेल ते तुमचं आवडतं पात्र कोण ह्यावर आहे.

उलट्या बाजूचा गोंधळ पण आहे. स्पिन-ऑफ घेतं कोण, तर ज्याने मूळ गेम पूर्ण केला आणि ज्याला तो एवढा आवडला की अजून हवाय. ज्यांना मूळच आवडला नाही ते इथपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे मार्क देणारा वर्ग आधीच गाळून घेतलेला आहे, त्यामुळे एखाद्या स्पिन-ऑफचा टक्का मूळ गेमच्या बरोबरीचा किंवा जास्त दिसला तर लगेच तो मूळपेक्षा भारी आहे असं समजायचं नाही. आणि ह्याच कारणाने, एवढ्या प्रेमाच्या माणसांनी पण जर अंगठा खाली केला असेल तर तो रिव्ह्यू मी दोनदा वाचतो. रिव्ह्यूच्या वर खेळलेले तास लिहिलेले असतात ते पण बघा. सव्वा तासात कंटाळून उठलेल्याचा अंगठा आणि सगळं संपवून वैतागलेल्याचा अंगठा ह्यात फरक आहे. रिफंड स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर मागता येतो, आणि व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये २ तासात बऱ्याचदा नमनाचं घडाभर तेलच चालू असतं, तेव्हा ॲन्थॉलॉजी घेतली तर पहिली गोष्ट पूर्ण आणि जमलं तर दुसरीची सुरुवात एका बैठकीत वाचून टाका, तेवढ्यात लेखक बदलल्यावर आपल्याला सोसतं की नाही ते कळतं.

अपेक्षा कुठून आली ह्याने प्रतिक्रिया किती बदलते ह्याची अजून दोन उदाहरणं आहेत. डोकी डोकी लिटरेचर क्लब २०१७ ला टीम साल्वाटोने फुकट काढला, दिसायला गोडगोड, आतून भयपट, सुरुवातीलाच इशारा दिलेला असतो की लहान मुलांसाठी नाही आणि मनाने हळव्या लोकांनी जपून. २०२१ ला त्याची प्लस आवृत्ती आली, ती विकत, आणि तिच्यात साइड स्टोरीज, त्याच चार मुली, क्लब कसा जमला, मैत्री कशी होते, कविता, गैरसमज, माफी. भीती काहीच नाही. भीतीसाठी आलेले म्हणाले, फुकटच्या गेमच्या गोड भागाचे पैसे मागतात. आणि दुसरे म्हणाले की मूळ गेममध्ये ह्या मुलींना धड जगायलाच मिळालं नव्हतं, इथे मिळालं. मला दुसऱ्यांचं पटतं, पण पहिल्यांचं का तसं वाटतं ते पण कळतं, भुताच्या गोष्टीचं तिकीट काढून आत चहापार्टी निघाली तर माणूस विचारणारच.

आणि ओतोमे गेम, म्हणजे मुलींसाठीच्या प्रेमकथांचा प्रकार, तिथे तर सगळं उलटंच. कॉलर मॅलिसची अनलिमिटेड किंवा कोड रियलाइझची फ्युचर ब्लेसिंग्ज ह्या फॅनडिस्क आहेत आणि त्या खेळणाऱ्या मुली मूळ गेम संपायच्या आधीच फॅनडिस्क कधी येणार विचारत असतात. मूळ गेममध्ये बॉम्ब, विष, खून ह्यातून वाट काढता काढता प्रेम जुळतं आणि जुळलं की लगेच गेम संपतो, मग लग्नानंतरचं काय, भांडणं कोण करणार, सकाळी उठून डबा कोण करणार? तिथे काही घडत नाही ही तक्रार फारशी ऐकू येतच नाही, तक्रार असते ती माझ्या आवडत्या माणसाचा भाग छोटा ठेवला आणि दुसऱ्याचा मोठा, ही. एकाच घरातल्या दोन सुनांना वेगवेगळ्या किमतीच्या साड्या दिल्यावर जे होतं तेच.

एक मुद्दा आपल्याकडच्या खेळणाऱ्यांचा खास आहे आणि तो कोणी बोलत नाही. आपण हे सगळं इंग्रजीत वाचतो, जपानी मूळ आणि डोक्यात मराठी. भीती, दुःख, रहस्य तीन भाषांमधून गाळून आलं तरी बऱ्यापैकी शिल्लक राहतं. विनोद नाही राहत. स्टाइन्स गेटमध्ये तर निम्मी थट्टा जपानी इंटरनेटवरच्या चावट बोलीतली आहे, इतकी की मूळ गेममध्येच अवघड शब्दांची टिप्स म्हणून यादी दिलेली आहे, आणि यादी उघडून समजलेल्या विनोदावर कोणी हसत नाही. त्यामुळे गंभीर गेमचं भाषांतर मध्यम असलं तर चालून जातं, हलक्याफुलक्या गेमचं मध्यम असलं की अख्खा गेमच पडतो, आणि शिव्या मात्र लेखकाला. वर वेळेचा फरक. माय डार्लिंग्ज एम्ब्रेस जपानमध्ये २०११ ला आला आणि अधिकृत इंग्रजीत २०१९ च्या डिसेंबरमध्ये, आठ वर्षांनी. जपानमधल्या पोराने तो मूळ गेमच्या गरम आठवणीवर खेळला, आणि इंग्रजीत खेळणाऱ्याने तोपर्यंत ॲनिमे बघून, स्टाइन्स गेट झिरो हा पुढचा गेम संपवून, मीम्स पचवून, मनात आठ वर्षं स्वतःचाच एक स्पिन-ऑफ रचून ठेवलेला असतो. त्याच्याशी कुठला खरा गेम टक्कर देणार?

म्हणून आमच्यात आता कोणी विचारलं, घेऊ का रे, तर मी उलट विचारतो, मूळ गेम संपल्यावर तू काय शोधलंस नेटवर? शेवटाचा अर्थ, टाइमलाइनचे तक्ते, कुठला धागा कुठे जुळतो हे शोधलं असेल तर हलकीफुलकी ॲन्थॉलॉजी पूर्ण किमतीत घेऊ नको, सेलची वाट बघ नाहीतर हॉलो अटॅरॅक्सियासारखं काहीतरी घे ज्याच्या पोटात कोडं आहे. पात्रांची चित्रं शोधली असतील, वॉलपेपर लावला असेल, तर घेऊन टाक, रिव्ह्यू वाचत पण बसू नको. आणि मूळ गेमचा खरा शेवट, म्हणजे ट्रू एंडिंग, बघितल्याशिवाय फॅनडिस्कला हात लावायचा नाही, ह्यांची सुरुवातीची पाच मिनिटंच मूळचं सगळं फोडून टाकतात. त्यातून लगेच दुसऱ्या दिवशी पण सुरू करू नका, थोडे दिवस जाऊ द्या, आठवण यायला लागली की उघडा, नाहीतर सिडकोवाल्यासारखं होतं, रडून झाल्या झाल्या विनोद वाचायला बसला आणि तीन दिवस गेमवर चिडून होता.

फेनोग्राम इंग्रजीत वाचायची असेल तर अजून एक, ती सुटी म्हणून आली नव्हती, २०१९ ला स्टाइन्स गेट एलीटसोबत, म्हणजे ॲनिमेची दृश्यं वापरून मूळ गेमची जी नवी आवृत्ती काढली तिच्यासोबत, बोनस म्हणून आली, आणि ती प्लेस्टेशन ४ आणि पीसीच्या बाजूला. निन्टेन्डो स्विचच्या एलीटसोबत तिच्याऐवजी जुन्या ८-बिट गेमसारखा केलेला दुसराच एक स्टाइन्स गेट मिळतो. तेव्हा फक्त एलीट नाव बघून पैसे भरू नका, सोबत काय काय येतंय ते घेण्याआधी पानावर वाचा.